पोच न आल्यावर



दरीपलीकडच्या माणसाला हाळी द्यायची तर आपण शब्द ओढतो, एकेक अक्षर सुटं करतो. वेळ लागतो, पण निरोप पोचतो. घरातला वाय-फाय राउटरही हेच करतो. पाठवलेल्या पाकिटाची पोच आली नाही, की तो ते पुन्हा पाठवतो. तरीही पोच येईना, की वेग उतरवतो. 1999च्या वाय-फायमध्ये वेगाच्या चार पायऱ्या होत्या: सेकंदाला 11, साडेपाच, 2 आणि 1 मेगाबिट. शेवटची पायरी सर्वांत सावकाश, पण क्षीण झालेला संदेशही तिथे ओळखू येतो.

लांबच्या खोलीसाठी हा उपाय उत्तमच. पण पोच अडली ती अंतरामुळे नव्हे, गोंगाटामुळे असेल तर?

आमच्या स्वयंपाकघरात जुना, ट्रान्सफॉर्मरवाला मायक्रोवेव्ह ओव्हन आहे. त्याच्या लहरी 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे वाय-फायच्याच पट्ट्यातल्या. दार घट्ट लावलं तरी किंचित गळती होतेच. माणसाला तिचा त्रास नाही, राउटरला होतो. आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला 50. त्यामुळे हा ओव्हन साधारण 10 मिलिसेकंद गोंगाट करतो आणि पुढचे 10 गप्प असतो. आता 1500 बाइटचं एक पाकीट घ्या. 1 मेगाबिटच्या वेगाने त्याला 12 मिलिसेकंद लागतात. त्या फटीत ते मावतच नाही! 11 मेगाबिटने तेच पाकीट दीड मिलिसेकंदाच्या आत जातं. एका फटीत अशी चार-पाच निघून जातात. म्हणजे खात्रीसाठी वेग उतरवला आणि खात्रीच गेली.

इमारतीत वीस राउटर असले की हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. सावकाश पाकीट हवेत जास्त वेळ राहतं, तेवढी टक्कर व्हायची शक्यता वाढते आणि बाकीचे खोळंबतात. मंडईत कोणी हाळी देत नाही. गलका जरा ओसरला की भाव झटकन सांगून मोकळं व्हायचं.

म्हणून मला लिनक्समधली मिन्स्ट्रेल ही पद्धत फार आवडते. एक पाकीट हुकलं म्हणून ती लगेच पायरी उतरत नाही. अधूनमधून काही पाकिटं ती वेगवेगळ्या वेगांनी पाठवून पाहते, कोणत्या वेगाने प्रत्यक्षात किती माल पोचला ते मोजते आणि त्यावरून वेग ठरवते.

घरी मात्र आधी राउटर ओव्हनशेजारून हलवा. मग शेजाऱ्यांशी बोलून 1, 6 आणि 11 हे चॅनेल आपसांत वाटून घ्या. या तिन्हींचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत.