वाढत्या वयातील घोट्याची दुखापत : प्लास्टर निघाल्यानंतरचा प्रश्न



खो-खोच्या मैदानावर चटकन वळताना किंवा शाळेच्या पायऱ्या उतरताना मुलाचा पाय मुरगळणे ही घरोघरी घडणारी घटना आहे. बहुतेक वेळा सूज उतरते आणि मूल पुन्हा धावू लागते. तथापि, काही दुखापतींचे खरे परिणाम वर्ष-दीड वर्षाने दिसतात. प्रौढाचे मोडलेले हाड केवळ जुळावे लागते. मुलाचे हाड जुळावेही लागते आणि वाढतही राहावे लागते. बालकांच्या घोट्याच्या दुखापतीचा विचार या एका फरकापासून सुरू होतो.

वाढीची कूर्चापट्टी

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. वैद्यकात तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी येथेच वाढते. नडगीच्या हाडाच्या लांबीपैकी सुमारे ४० टक्के वाढ घोट्याजवळच्या पट्टीतून होते. तिचे प्रमाण साधारणतः वर्षाला ३ ते ४ मिलिमीटर असते. मुलींमध्ये सुमारे १४ व्या, तर मुलांमध्ये सुमारे १६ व्या वर्षी ही पट्टी हाडात रूपांतरित होऊन वाढ थांबते.

ही कूर्चा सभोवतालच्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असते. त्यामुळे ज्या आघाताने प्रौढाचे अस्थिबंध ताणले जातात, त्याच आघाताने मुलाची कूर्चापट्टी दुभंगू शकते. टोरांटो येथील रॉबर्ट सॉल्टर व रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये अशा दुखापतींचे पाच प्रकार सांगितले. हे वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. तिसऱ्या व चौथ्या प्रकारात भेग थेट सांध्यापर्यंत जाते. पाचव्या प्रकारात पट्टी चेंगरली जाते, परंतु पहिल्या क्ष-किरण चित्रात दोष दिसत नाही. वाढ खुंटल्यानंतरच तो उघड होतो.

उशिरा दिसणारे परिणाम

दुखावलेल्या पट्टीतून हाडाचा पूल तयार झाला, तर तेवढ्या भागातील वाढ थांबते. संपूर्ण पट्टी बंद पडल्यास पाय आखूड राहतो. येथे वयाला निर्णायक महत्त्व आहे. आठ वर्षांच्या मुलात उरलेल्या आठ वर्षांचा हिशेब केल्यास ही तूट अडीच ते तीन सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. १४ वर्षांच्या मुलात ती एक सेंटिमीटरपेक्षाही कमी असते.

पट्टीचा केवळ एक भाग बंद पडणे अधिक त्रासदायक ठरते. आतील बाजू थांबली आणि बाहेरील बाजू वाढत राहिली, तर घोटा आतल्या बाजूस वाकतो. शेजारचे बारीक हाड वाढतच असल्याने हा वाकडेपणा अधिक वाढतो. सांध्याचा पृष्ठभाग विषम जुळल्यास पुढे तरुण वयातच संधिवाताची शक्यता निर्माण होते.

प्रत्येक मुरगळ म्हणजे संकट नव्हे. घोट्याच्या बाहेरील बाजूस दुखत असून क्ष-किरण चित्र निर्दोष असल्यास बहुधा ती साधी लचक असते आणि मूल पूर्ण बरे होते. मात्र मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबल्यास तीव्र वेदना होत असतील, तर क्ष-किरण तपासणी टाळू नये. बांबूच्या कामट्या घट्ट बांधण्याची पद्धत विशेष धोकादायक आहे. वाढत्या सुजेमुळे रक्तप्रवाह अडून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

कालमर्यादेचे महत्त्व

वाढ सुरळीत आहे की नाही, हे ओळखण्याची खूण हाडातच उमटते. दुखापतीनंतर काही महिन्यांनी क्ष-किरण चित्रात एक बारीक पांढरी रेषा दिसते. ती पट्टीला समांतर राहून दूर सरकत असेल, तर वाढ निकोप आहे. ती तिरकी होऊन पट्टीला मिळत असेल, तर त्या ठिकाणी वाढ थांबली आहे. म्हणून सहा महिन्यांनी आणि त्यानंतर किमान दोन वर्षांपर्यंत तपासणी होणे हितावह असते.

दोष वेळीच आढळला आणि हाडाचा पूल पट्टीच्या निम्म्याहून लहान असला, तर तो काढता येतो. त्यासाठी वाढीची सुमारे दोन वर्षे शिल्लक असावी लागतात. लांबीतील किरकोळ फरक बुटाची टाच वाढवून भरून निघतो. उशीर झाल्यास मात्र हाड कापून सरळ करण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

व्यवस्थेपुढील प्रश्न

आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. पात्र कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण तिच्यामुळे मिळाले. त्यात रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्चही समाविष्ट आहे. वाढीची देखरेख मात्र दोन वर्षांची असते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला, मूल चालू लागल्यानंतर, केवळ तपासणीसाठी शहर गाठणे परवडत नाही. नेमक्या याच काळात दोष वाढत जातो.

ही दरी भरून काढण्याची साधने देशात उपलब्ध आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची बालके त्याच्या कक्षेत येतात. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. जन्मजात वाकडे पाऊल या कार्यक्रमाच्या यादीत आहे. दुखापतीनंतर वाकलेल्या घोट्यासाठी मात्र स्वतंत्र नोंद नाही. वर्षभरात पायाला प्लास्टर घातले होते काय, एवढा एक प्रश्न तपासणीत जोडला, तर अशी मुले वेळेवर जिल्हा रुग्णालयात पोहोचू शकतील. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील आरोग्य खात्यात पुढील तपासणीची तारीख नोंदवणेही शक्य आहे.

आरोग्यसेवेचे यश केवळ झालेल्या शस्त्रक्रियांच्या संख्येवर मोजले जाऊ नये. वाढत्या मुलाच्या बाबतीत प्लास्टर निघणे हा उपचाराचा मध्य असतो. वाढ पूर्ण होईपर्यंत त्या मुलाचा माग ठेवणारी व्यवस्था उभी राहिली, तर टाळता येण्याजोगे अपंगत्व खरोखरच टळेल.