सोबत आलेल्या तबकडीचा धनी कोण?

बाजारांत आपण मागतों एक वस्तु आणि पदरांत पडतात दोन, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. मी घनसावंगीचा राहणारा. आमच्या मराठवाड्यांत पेरणीच्या दिवसांत खताचें पोतें मागणाऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यांत त्याला नको असलेली एखादी बाटली अगर पुडी बांधण्याचे प्रकार घडतात. त्यास 'लिंकिंग' असें म्हणतात. गॅसच्या नव्या जोडणीबरोबर शेगडीहि घ्यावी लागल्याचें शहरांतील अनेक गृहिणींना स्मरत असेल. असल्या सक्तीला ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या आणि त्यानंतर आलेल्या २०१९ च्या, अशा दोन्ही कायद्यांनीं अनुचित मानलें आहे. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें सुशिक्षित घरांतील टेबलाच्या खणांत पडून राहिलेल्या एका वस्तूविषयीं.

अमेरिकेंतील शाळांतून आलेख काढून दाखविणारे कॅल्क्युलेटर सर्रास वापरले जातात. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेंत सर्वसाधारण विद्यार्थ्यास कॅल्क्युलेटर नेतां येत नाहीं. म्हणून हीं यंत्रें मराठी घरांत येतात तीं बहुधा परदेशीं शिकणाऱ्या नातवंडांच्या सामानांतून. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा असा कॅल्क्युलेटर संगणकास जोडण्यासाठीं 'ग्राफ लिंक' नांवाची केबल निराळी विकत मिळे, आणि त्याच खोक्यांत सॉफ्टवेअरची तबकडीहि असे. एखाद्यास हवी असे ती केवळ केबल. तबकडी तशीच पडून राही. ती विकावी काय? प्रश्न साधा आहे. उत्तर तितकें साधें नाहीं.

एके काळीं सॉफ्टवेअरला निराळी अशी किंमतच नसे. आयबीएम कंपनी आपल्या मोठ्या संगणकांबरोबर तें देऊन टाकी. १९६९ सालच्या जून महिन्यांत तिनें त्याची आकारणी वेगळी करण्याचें जाहीर केलें, आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल होण्यास मोठी चालना मिळाली. मालाला किंमत आली कीं मागोमाग त्याची फेरविक्रीहि आलीच.

फेरविक्रीचा जुना दाखला पुस्तकाचा आहे. अमेरिकेंत एका प्रकाशकानें आपल्या कादंबरीवर छापलें होतें कीं, एक डॉलरहून कमी किमतीस हें पुस्तक विकूं नये. मेसी या दुकानानें तें ८९ सेंटांस विकलें. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रत एकदां विकली म्हणजे तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाची सत्ता चालत नाहीं. आपल्याकडेहि जून महिन्यांत वरच्या वर्गांत गेलेला मुलगा आपलीं पुस्तकें अर्ध्या किमतीस खालच्या वर्गांतील मुलास देतो. त्यांत कोणी गैर मानीत नाहीं.

मग तबकडीनेंच कोणाचें घोडें मारलें? तर पुस्तक विकलें कीं तें हातांतून जातें. तबकडी विकली तरी तिच्यांतील मजकूर आपल्या संगणकांत मागें राहूं शकतो. गाय विकावी आणि दूध मात्र आपल्याच घरीं चालू राहावें, तसा हा प्रकार! कंपन्यांची भीति अगदींच खोटी नाहीं. याच भीतीपोटीं त्या म्हणूं लागल्या कीं, आम्ही सॉफ्टवेअर विकीत नाहीं, केवळ वापरण्याचा परवाना देतों.

यावर न्यायालयांचें एकमत नाहीं. संगणकाबरोबरच विकावयाचें म्हणून दिलेलें मायक्रोसॉफ्टचें सॉफ्टवेअर जर्मनींतील एका व्यापाऱ्यानें सुटें विकलें, तेव्हां २००० सालीं तेथील श्रेष्ठ न्यायालयानें त्याच्या बाजूनें कौल दिला. २०१२ सालीं युरोपच्या न्यायालयानें असेंच मत दिलें. मात्र विकणाऱ्यानें आपल्याजवळची प्रत निरुपयोगी केली पाहिजे, ही अट घातली. उलट अमेरिकेंत २०१० सालीं एका अपील न्यायालयानें परवान्याच्या कागदासच महत्त्व दिलें. आपल्या देशांत १९९४ च्या दुरुस्तीनें, प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, विक्रीचा अधिकार कर्त्याकडेच ठेवला होता. १९९९ सालीं 'पूर्वी विकली गेलेली असो वा नसो' या अर्थाचे शब्द गाळण्यांत आले. पुढें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तबकडीवरील सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असें म्हटलें, आणि २०२१ सालीं आयकराच्या वादांत प्रत आणि तिच्यांतील लेखनाधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें स्पष्ट केलें.

या सर्वांतून शहाण्या गृहस्थानें घ्यावयाचा बोध असा. तबकडीबरोबरचा परवान्याचा कागद आधीं वाचावा. हस्तांतरास मुभा असेल तर ती कोणत्या अटीवर, तें पाहावें. तबकडी, पुस्तिका आणि असल्यास क्रमांकाची चिठी, सारें एकत्रच द्यावें. संगणकांत तें घातलें असेल तर आधीं काढून टाकावें. तें कोणत्या जुन्या संगणकावर चालतें, हें घेणाऱ्यास न विचारतां सांगावें. आणि तेंच किंवा त्याहून नवें सॉफ्टवेअर कंपनी आतां विनामूल्य देते कीं काय, याची चौकशी करावी. या कॅल्क्युलेटरच्या बाबतींत पुढें तसेंच झालें. जें फुकट मिळतें तें अजाण मुलास दामानें विकणें ही हुशारी नव्हे.

पण बोध विकणाऱ्यालाच आहे असें नाहीं. आम्हांस नको असलेली वस्तु खोक्यांत घालावयाची, तिची किंमत एकूण दरांत मिळवावयाची, आणि वर म्हणावयाचें कीं ही तुमची नाहीं, हा न्याय एकांगी आहे. दाम मोजून आणलेल्या वस्तूंचे आपण धनी न राहतां हळूहळू केवळ भाडेकरू होत चाललों आहों. तबकडीची किंमत चार आणे कां असेना, प्रश्न मालकीचा आहे. ज्याला मालकीचा हक्क सांगावयाचा आहे त्यानें ती वस्तु देतांना पूर्णपणें सोडलीहि पाहिजे. आणि ज्याला ती आपल्या मुठींत ठेवावयाची आहे त्यानें ती आमच्या पिशवींत न मागतां घालूं नये. दोन्ही बाजूंनीं एवढें पाळलें, तर कोर्टाची पायरी चढण्याचें कारण कोणालाच उरणार नाहीं.