अंगण धुण्याचे यंत्र

पावसाळा सरला की कोकणातल्या घराच्या अंगणात उतरणे हे थोडेसे साहसाचेच काम असते. चार महिने ओल मुरलेली असते, पायऱ्यांवर काळपट हिरवे शेवाळ धरलेले असते, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना ‘जपून, जपून’ असे बजावण्यातच सकाळ जाते. हे शेवाळ काढण्यासाठी आजवर तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर आणि गड्याचे मनगट एवढीच साधने होती. आता त्यांत एका यंत्राची भर पडली आहे. साधे पाणी घ्यावयाचे आणि ते मोठ्या दाबाने बारीक तोंडातून फेकावयाचे, एवढेच त्याचे काम. त्याला आपण प्रेशर वॉशर असेच म्हणू लागलो आहोत. जर्मनीतील केर्शर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे असे यंत्र तयार केले, ते कारखान्यांसाठी होते. एका माणसाने उचलून नेण्याजोगे घरगुती यंत्र त्याच कंपनीने १९८४ मध्ये आणले. आपल्याकडे पुष्कळ वर्षे ते मोटारी धुणाऱ्या गॅरेजांतच दिसे. आज इंदूरच्या बंगल्यात, दिल्लीच्या गच्चीवर आणि रत्नागिरीच्या ओटीवरही ते येऊन बसले आहे.

श्रोतेहो, हे यंत्र घ्यावयास आपण दुकानात गेलो म्हणजे पहिल्यांदा दिसतो तो खोक्यावरचा ठळक आकडा: १३० बार, १५० बार, कोठे २००० पीएसआय. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, हा हिशेब लक्षात असला की दोन खोक्यांची तुलना करता येते. परंतु १३० बार म्हणजे नेमके किती? दहा मीटर उंचीचे पाणी तळाशी जवळपास एक बार दाब देते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांच्या आसपास आहे. तेथून थेट समुद्रकाठापर्यंत पाण्याने भरलेला एक सलग नळ उभा केला, तर त्याच्या तळाशी जो दाब असेल तो हा. एवढी शक्ती एका हाताच्या मुठीत येते, ही गोष्ट कौतुकाची आहे तशी काळजीचीही आहे.

आता या आकड्याला भुलावयाचे नाही, ते का, हे थोडे सविस्तर सांगतो. धुण्याच्या कामात दाबाचा वाटा अर्धाच असतो. दाब मळ सुटा करतो. सुटा झालेला मळ वाहून नेणे हे पाण्याच्या मापाचे काम. घरगुती यंत्र मिनिटाला साधारण पाच ते सात लिटर पाणी फेकते. दाब पुष्कळ आणि पाणी थोडे असे यंत्र अंगणावर रेघा ओढत बसते, चिखल मात्र या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो. म्हणून दोन्ही आकडे पाहावेत, आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही हेही पाहावे. त्यासाठी एक सोपे त्रैराशिक आहे. दाबाचे बार आणि मिनिटाचे लिटर यांचा गुणाकार करावा व त्यास ६०० ने भागावे. उत्तर येते ते त्या पाण्यात प्रत्यक्ष उतरलेली शक्ती, किलोवॅटमध्ये. समजा, खोक्यावर १५० बार, ८ लिटर आणि १५०० वॅटची मोटर असे लिहिले आहे. १५० गुणिले ८ म्हणजे १२००. भागिले ६०० म्हणजे २ किलोवॅट. तारेतून दीड किलोवॅट घेणारी मोटर पाण्याला दोन किलोवॅट कोठून देणार? शिवाय मोटरीत आणि पंपात काही शक्ती वाया जातेच. कारखानदार खोटे लिहितो असे मी म्हणत नाही. सर्वाधिक दाब त्याने एका परिस्थितीत मोजलेला असतो आणि सर्वाधिक पाणी दुसऱ्या परिस्थितीत; दोन्ही एका वेळी मिळतात असे तो कोठेही म्हणत नाही, तसे समजून घेण्याचे काम आपण करतो. तेव्हा ‘मॅक्सिमम’ आकडा सोडून ‘रेटेड’ म्हणजे नेहमी चालवताना मिळणारा दाब कोठे छापला आहे, तो शोधावा. दीड किलोवॅटच्या मोटरीतून १०० बार आणि ६ लिटर मिळाले तरी यंत्र चोख आहे असे समजावे, आणि अंगणाला तेवढे पुरे होते.

मोटरी दोन जातींच्या. एक कार्बन ब्रश असलेली. ती हलकी, स्वस्त आणि कर्कश. दुसरी इंडक्शन मोटर. ती जड, महाग, आवाजाला बरीच सौम्य आणि आयुष्याने लांब. महिन्यातून एकदा तासभर काम असेल तर पहिली चालते. पंपाच्या डोक्याचे तसेच: अॅल्युमिनियमपेक्षा पितळ टिकाऊ, पण त्याचे पैसे मोजावे लागतात.

यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते ती पुष्कळदा अशा देशासाठी लिहिलेली असते, जेथे नळाला चोवीस तास जोराचे पाणी असते. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. टाकी तीन मीटर उंच असेल तर नळाला एक बाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दाब मिळतो. काही पंपांना तेवढे पाणी पुरत नाही. ते हवा ओढतात, झोत धडधडतो, आणि कोरडे चालले की आतली सील जळून जातात. यासाठी बादलीतून किंवा पिंपातून स्वतः पाणी ओढून घेणारे यंत्र आहे काय, हे दुकानदाराला विचारावे आणि शक्य तर त्याच्यासमोर बादली ठेवून पाहावे. पाणी आत जाते तेथे जाळीचा फिल्टर हवाच. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी तर तो दर वेळी काढून धुवावा, कारण वाळूचा एक कण पंपाला पुरेसा होतो.

आता विजेकडे वळतो. १८०० वॅटचे यंत्र आठ अँपिअरच्या घरात प्रवाह घेते. पंखा आणि दिवा यांच्यासाठी बसवलेला लहान प्लग त्यास चालत नाही; १६ अँपिअरचा मोठा प्लग, पक्के अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरहून अधिक गळती झाली की वीज तोडणारे उपकरण, ज्याला वायरमन ईएलसीबी म्हणतो, या तीन गोष्टी घरात नसतील तर यंत्रापूर्वी त्या कराव्यात. बारीक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड अंगणभर ओढत नेणे तर सर्वस्वी वर्ज्य. हे मी इतके आग्रहाने सांगतो त्याचे कारण असे की, यंत्र निवडणारे आपण आणि चालविणारा बहुधा दुसराच कोणी असतो. तो अनवाणी असतो, पाण्यात उभा असतो, आणि त्याला माहितीपुस्तिका कोणी वाचून दाखविलेली नसते. यंत्राच्या किमतीत गमबूट आणि डोळ्यांवरचा चष्मा यांची किंमत धरलीच पाहिजे. झोत हातापायावर आला तर कातडी भेदून पाणी आत शिरते. वरून दिसते ती टाचणीच्या टोकाएवढी जखम. आत मात्र मोठी इजा झालेली असू शकते. अशा वेळी हळद लावून वाट न पाहता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. मुलांच्या हाती हे यंत्र खेळ म्हणून कधीही देऊ नये.

हा झोत सगळ्याच वस्तूंना मानवत नाही. जांभ्याच्या चिऱ्यात छिद्रे असतात. जवळून झोत मारला तर दगडच झिजतो. जुन्या वाड्याच्या भिंतीतला चुना, लाकडी खांब आणि मऊ झालेला रंग यांच्या वाटेला जाऊच नये. मोटारीचा टायर अगदी जवळून धुतला तर बाहेरून न दिसणारी इजा राहून जाते. बहुतेक यंत्रांबरोबर वेगवेगळ्या कोनांची नोझले येतात. त्यांतले शून्य अंशाचे, बहुधा लाल रंगाचे, घरात बाजूलाच ठेवावे. मोटारीला ४० अंशांचे, फरशीला २५ अंशांचे. आणि आरंभ नेहमी मीटरभर अंतरावरून करून हळूहळू पुढे सरकावे. शेवाळासाठी एक गोल तबकडीसारखे जोडसाधन मिळते. त्यात झोत झाकलेला राहतो, भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत, आणि फरशी सारखी निघते. अंगण मोठे असेल तर जास्त दाबाच्या यंत्रापेक्षा या तबकडीवर पैसे खर्चावेत, असे माझे मत आहे.

राहिला पाण्याचा प्रश्न. या यंत्राने पाणी वाचते असे सांगतात, ते रबरी नळीशी तुलना केली तर खरे आहे. नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जाते. परंतु मोटार धुण्यास मिनिटाला सहा लिटरप्रमाणे दहा मिनिटे घेतली तरी साठ लिटर झाले, आणि दोन बादल्या व फडके घेऊन बसणारा माणूस त्याहून कमी पाण्यात तेच काम करतो. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी करून पाच हजार रुपये दंड ठरविला. त्याच उन्हाळ्यात दिल्लीत नळीने मोटार धुणाऱ्यास दोन हजारांचा दंड जाहीर झाला. जेथे टँकर येतो त्या वस्तीत हे यंत्र घेण्यापूर्वी विहिरीचे किंवा साठविलेल्या पावसाचे पाणी आपल्याजवळ आहे काय, हा प्रश्न विचारावा. पावसाचे पाणी चांगले गाळून घेतले तर यंत्राला ते उत्तम. त्यात क्षार नसतात.

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक स्कूटर धुण्यासाठी हे यंत्र घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही. ज्याच्याकडे अंगण, जिने, गच्ची आणि कुंपणाची भिंत आहे, किंवा ज्याच्या घरी घसरून पडण्याची धास्ती असलेली वृद्ध माणसे आहेत, त्याने ते जरूर घ्यावे. चाळीस घरांच्या सोसायटीने एक बऱ्यापैकी इंडक्शन मोटरचे यंत्र घेऊन ते पाळीपाळीने वापरणे हे चाळीस स्वस्त यंत्रांहून शहाणपणाचे. मात्र किल्ली एकाच माणसाकडे असावी.

घेताना शेवटची चौकशी सुट्या भागांची करावी. सील, ओ-रिंग, कार्बन ब्रश आणि पिस्तुलासारखी मूठ या वस्तू आपल्याच गावात मिळतात काय, आणि दुरुस्त करणारा कोण आहे, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. काम झाल्यावर आधी वीज बंद करावी, मग नळ बंद करावा, आणि मुठीचा खटका दाबून नळीत कोंडलेला दाब सोडून द्यावा. सिमल्याकडे किंवा डेहराडूनच्या डोंगरांत राहणाऱ्या श्रोत्यांनी थंडीत पंपातले पाणी काढून यंत्र घरात ठेवावे. आत पाणी गोठले तर पितळेचे डोकेदेखील तडकते.