तारापूर म्हणजे नेमकं कुठे?



नोकरीनिमित्त गावोगाव फिरलो. कुणी गाव विचारलं की 'तारापूर' म्हणायचो. पुढचा प्रश्न ठरलेला, "वडील अणुवीज केंद्रात होते का?" वडील डायमेकर होते. ओटीवर बसून पोलादात दागिन्यांची नक्षी कोरायचे.

१९६९ मध्ये केंद्र सुरू झालं आणि गावाचं नाव देशभर गेलं. पुढे औद्योगिक वसाहतीलाही तेच नाव मिळालं, पण ती बोईसरला! आपलं गाव आहे तिथेच आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला खाडी, पलीकडे चिंचणी. खाडीकाठी पोर्तुगीजांचा किल्ला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव पडले. मे महिन्यात वसई हाती आली. चिंचणीच्या ताम्रपटांत तर त्याहून जुनी गोष्ट आहे. दहाव्या शतकात संजाणच्या अरब अधिकाऱ्याने लोकांसाठी फुकट तरीची सोय केली होती.

किल्ल्याची गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती बाईंनी, तटाखाली उन्हात उभं करून. बाई आज समोर बसल्या आहेत.

वडिलांची हत्यारं माझ्याकडे आहेत, ती चालवणारा हात मात्र माझा नाही. मी त्यांना कधी नीट विचारलंच नाही. म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी अजून सांगणारं माणूस आहे, त्यांनी ऐकून घ्या, लिहून ठेवा. पुढच्या मेळाव्याला प्रत्येकाने एक पान आणावं. नातवंडांनी गाव विचारलं, तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी हवं.