छोटा हत्ती : मालकी आणि मर्यादा



शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचा विषय निघाला की धरणांचा आणि घाटांचा उल्लेख हटकून होतो. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबई महानगराची तहान भागविते. कसारा आणि माळशेज हे घाट कोकणाला देशाशी जोडतात. आज मात्र मी या दोहोंपेक्षा पुष्कळच लहान अशा एका वस्तूविषयी बोलणार आहे. डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसई, कोणत्याही गावात जा, चार-दोन घरे सोडली की अंगणात एक लहान मालवाहू गाडी उभी दिसते. कोणी तिला टेम्पो म्हणतात, कोणी पिकअप, तर कोणी प्रेमाने छोटा हत्ती.

यांपैकी ‘टेम्पो’ हा शब्द आपल्या भाषेत कसा आला, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. १९५८ साली एका जर्मन कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ या कंपनीची स्थापना झाली आणि तीनचाकी मालवाहू गाड्या आपल्याकडे तयार होऊ लागल्या. टेम्पो हे त्या जर्मन गाडीचे व्यापारी नाव. मराठी माणसाने मात्र ते इतके आपलेसे केले की पुढे कोणत्याही कारखान्याची लहान मालगाडी आली तरी ती टेम्पोच ठरली. २००५ साली या कंपनीने आपले नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ असे केले. योगायोग असा की, त्याच वर्षी टाटा मोटर्सची ‘एस’ ही चारचाकी गाडी बाजारात आली. दोन सिलिंडरचे सुमारे ७०० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल वाहण्याची क्षमता आणि सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास किंमत. तीनचाकीवाल्याला चारचाकीचा मालक होता यावे, हा तिच्यामागील विचार होता आणि तो यशस्वी झाला.

आपल्या भागात या गाडीने काय केले, ते आपण जाणताच. मुरबाडला आजही रेल्वे नाही. शहापूरकरांना आसनगाव स्थानक आहे, परंतु लोकलच्या डब्यातून भाजीचे भारे नेणे हे काही व्यापाराचे साधन नव्हे. भेंडीसारखे पीक एक-दोन दिवसांआड तोडावे लागते. एक दिवस थांबले तर फळ जून होते आणि भाव कोसळतो. तोडलेला माल कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात भल्या पहाटे पोहोचला पाहिजे. पूर्वी तो एस.टी.च्या टपावर चढवावा लागे किंवा मोठ्या ट्रकवाल्याच्या सवडीची वाट पाहावी लागे. पाच-सहा शेतकऱ्यांचा माल एकत्र करून रात्री गाव सोडणारी लहान गाडी आली आणि ही परवशता पुष्कळ अंशी संपली. भाताचा पेंढा, विटा, मंडपाचे सामान, म्हसा येथील यात्रेत विक्रीस जाणारा माल, उन्हाळ्यात पाड्यांवर न्यावयाच्या पाण्याच्या टाक्या, हे सारे आता हीच गाडी वाहते. आदिवासी तरुणांना शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडून अशा व्यवसायासाठी अर्थसाहाय्य मिळू शकते. त्याची चौकशी शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अवश्य करावी.

गाडी लहान असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती मालवाहू वाहनच आहे. येथे पहिला गैरसमज होतो. अनेक शेतकरी विचारतात, ‘साहेब, मी भाडे मारीत नाही. माझी गाडी, माझीच भेंडी. मग मला पिवळी पाटी कशासाठी?’ प्रश्न रास्त वाटतो. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा माल कोणाचा आहे हे पाहत नाही. गाडी कशासाठी बांधली आहे हे पाहतो. माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी स्वतःच्या मालासाठी वापरली, तरी ती परिवहन वाहनच ठरते. शेतीच्या ट्रॅक्टरला नियमांनी यातून वेगळे काढले आहे, टेम्पोला नाही. हा भेद काहींना अन्यायाचा वाटतो आणि त्याविषयी दुमत होऊ शकते. तथापि नियम आज असा आहे.

लहान गाडी म्हणजे किती लहान, हे निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या रीतीने ठरविले आहे. जपानमध्ये ‘केई’ नावाचा एक स्वतंत्र वर्गच आहे. इंजिन ६६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे नको, लांबी ३.४ मीटरपेक्षा अधिक नको आणि मालाचे वजन ३५० किलोच्या आत. तेथील भातशेतीच्या अरुंद बांधरस्त्यांवर या गाड्या सर्रास दिसतात आणि गंमत म्हणजे खाजगी गाडी असली तरी तिला पाटी पिवळीच असते! आपल्या कायद्याने इंजिन किंवा लांबी न पाहता भरलेल्या गाडीचे एकूण वजन ही मोजपट्टी धरली आहे. म्हणून गाडी घेण्यापूर्वी दोन आकडे ध्यानात ठेवावेत : ३,००० आणि ७,५००.

ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी, चालक आणि माल मिळून वजन, ३,००० किलोपेक्षा अधिक नाही, तिला १९८८च्या अधिनियमातील ६६व्या कलमाने परवान्याच्या अटीतून मुक्त केले आहे. छोटा हत्ती या मर्यादेच्या पुष्कळच आत बसतो. पिकअपच्या बाबतीत मात्र नमुना पाहून घ्यावा लागतो; थोड्या अधिक क्षमतेच्या लोभाने मोठा नमुना घेतला आणि मग परवाना लागतो हे कळले, असे व्हावयास नको. दुसरा आकडा चालकाच्या लायसनचा. ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्या या हलक्या मोटार वाहनांत मोडतात. असे साधे लायसन असलेल्या चालकाला त्या वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालविता येते काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला. विमा कंपन्या नुकसानभरपाई नाकारताना हाच मुद्दा पुढे करीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच कायम केला. वेगळ्या शेऱ्याची गरज नाही.

योग्यता प्रमाणपत्राविषयी थोडक्यात सांगतो. नवीन गाडीस ते दोन वर्षांचे असते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. हे प्रमाणपत्र संपले की कायद्याच्या दृष्टीने गाडीची नोंदणीच वैध राहत नाही.

आता वजनाकडे वळू. पाऊण टन म्हणजे ७५० किलो. ५० किलोची तांदळाची पोती घेतली, तर पंधरा. वीट तीन किलोची धरली, तर अडीचशे. रेतीचा एक ब्रास चार टनांच्याही वर जातो. तेव्हा पाव ब्रास रेतीदेखील या गाडीचे काम नव्हे. आणि पाणी? शहापूर तालुक्यात धरणे उशाशी आहेत, तरी एप्रिल-मे महिन्यांत अनेक पाडे टँकरकडे डोळे लावून बसतात. अशा वेळी छोट्या हत्तीवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी बसवून पाणी वाहिले जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी भरताच गाडीवर हजार किलो चढतात, तेही टाकीचे वजन सोडून. शिवाय टाकी अर्धी रिकामी झाली की पाणी आत डचमळते आणि उतारावरील वळणावर सारा भार एका बाजूस ढकलते. पाणी पोहोचविणे पुण्याचे काम आहे, यात शंका नाही. परंतु त्यासाठी पाचशे लिटरची टाकी घ्यावी आणि खेपा वाढवाव्यात. डिझेल अधिक लागेल, हे मला ठाऊक आहे. उलट २०१९च्या दुरुस्तीनंतर १९४व्या कलमात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशा दंडाची तरतूद झाली आहे, आणि जादा माल जागीच उतरविण्यास भाग पाडता येते. ब्रेक आणि पाटे यांचा खर्च वेगळाच.

यापुढील विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लग्नसराईत वऱ्हाड टेम्पोतून जाते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेली कातकरी कुटुंबे, मुलाबाळांसह, भांड्याकुंड्यांसह टेम्पोच्या हौद्यात बसतात. गाडी उलटल्याची बातमी दरवर्षी कोठून ना कोठून वृत्तपत्रांत येते. बातमीत मृतांची आणि जखमींची संख्या असते. त्यानंतरची कहाणी मात्र बातमीत येत नाही, म्हणून ती मी येथे सांगतो.

मालवाहू गाडीच्या विम्यात चालकाखेरीज कोण बसते? १९९४च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण मिळाले. म्हणजे आपल्या भेंडीसोबत बाजारास निघालेला शेतकरी, चालकाच्या शेजारी, नोंदणी पुस्तकात दाखविलेल्या आसनावर बसला असेल, तर तो विम्याच्या कक्षेत येतो. हौद्यात बसलेले वऱ्हाडी येत नाहीत. भट्टीवरचे मजूरही प्रवासी म्हणून येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यास ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा दाखल होतो, भरपाई मंजूर होते आणि ती देण्याची जबाबदारी गाडीमालकावर येते. कधी न्यायाधिकरण कंपनीला आधी रक्कम देण्यास सांगते. पण मग कंपनी ती मालकाकडूनच वसूल करते. चार-पाच लाखांची गाडी आणि तिच्यामागे कित्येक लाखांचे देणे. घर आणि जमीन यांवर बोजा येतो. ज्याचा माणूस गेला त्याच्याही हाती फार काही लागत नाही. कारण ज्याच्याकडून वसूल करावयाचे, त्याच्याकडे असते तरी काय?

नातलगाच्या लग्नाला ‘नाही’ म्हणणे अवघड असते, हे मी समजू शकतो. जेथे एस.टी.ची फेरी दिवसातून एकदाच आहे, तेथे लोकांनी चालत जावे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु वऱ्हाडासाठी एस.टी. महामंडळाची गाडी प्रासंगिक कराराने मिळते. पाच-सहा महिने आधी मुहूर्त ठरतो, मग गाडीची नोंदणी आदल्या आठवड्यापर्यंत का राहावी? मजुरांची गोष्ट निराळी आहे. तेथे मुकादम आणि भट्टीमालक यांनी प्रवासी वाहनाचा खर्च उचलला पाहिजे, आणि टेम्पोमालकांनी एकमुखाने नकार दिला, तर तो त्यांना उचलावाच लागेल.

शेवटी गाडी विकण्याविषयी. आपल्याकडे जुना टेम्पो मुद्रांक कागदावर लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन विकण्याची रीत आहे. पैसे मिळाले, किल्ली दिली, व्यवहार संपला असे वाटते. तो संपलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निर्णयानुसार परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. गाडी तीन-चार हातांतून गेली आणि चौथ्याच्या हातून अपघात झाला, तरी नोटीस पहिल्याच्याच घरी येते. तेव्हा विक्री झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत विक्रेत्याने नमुना २९ भरून कळवावे. नमुना ३० वर हस्तांतरण करून घ्यावे. गाडी कर्जाची असेल, तर हप्ते फिटताच नमुना ३५ घेऊन कंपनीचा किंवा बँकेचा बोजा नोंदीतून काढून टाकावा. हे तिन्ही नमुने मी सोबत आणले आहेत. ज्यांनी गेल्या काही वर्षांत कागदावर गाडी विकली असेल, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे; खरेदीदाराचा पत्ता जवळ असेल तर आजच अर्ज भरून घेऊ.