‘उभा’, ‘लंब’ आणि ओळंबा



‘उभा’ हा मराठीतील मोठा राबता शब्द आहे. शेतात पीक उभे असते, निवडणुकीस उमेदवार उभा राहतो, भाऊबंदकीत उभा दावा मांडला जातो आणि ‘उभा जन्म’ म्हणजे सारा जन्म. व्यवहारात हे अर्थ संदर्भाने उमगतात. गणितात व भूगोलात मात्र शब्दाची मर्यादा आखून दिली नाही, तर मुलाच्या मनातील गोंधळ पुढील इयत्तांतही तसाच राहतो.

ओळंब्याची दोरी स्थिर लोंबते ती उभी दिशा होय. ती गुरुत्वाकर्षणाने ठरते. ‘लंब’ ही संज्ञा निराळी. एका रेषेशी काटकोन करणारी रेषा तिच्यावर लंब असते. मग मूळ रेषा कितीही तिरपी असो. सपाट जमिनीवर दोन्ही दिशा एकच होतात, म्हणून भेद झाकला जातो. बाकावरील वहीतली ‘उभी रेघ’ वस्तुतः आडवीच पडलेली असते. फळ्यावर मात्र ती खरोखर उभी असते.

मावळात हा भेद शिकवण्यास साधने शोधावी लागत नाहीत. डोंगरउतारावरील झाड काढताना लहान मुले ते उताराला लंब, म्हणजे दरीकडे झुकलेले काढतात. प्रत्यक्षात खोड बहुधा उभेच वाढते. अशा वेळी चित्र खोडून न टाकता मुलांना बाहेर नेऊन झाड दाखवावे.

सहलीत दोरीला दगड बांधून ती डोळ्यांसमोर धरावी आणि लेण्यांतील खांब न्याहाळावेत. भाजे येथील प्राचीन चैत्यगृहाचे खांब आत कललेले दिसतील; लाकडी बांधणीचे ते अनुकरण होय. त्यानंतरच्या कार्ले येथील चैत्यगृहात खांब उभे आहेत.

लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीस नेऊन तेथे १९१५ पासून वीज निर्माण होते. नळ उतारावरून तिरपे जातात; परंतु पाण्याच्या शक्तीचा हिशेब नळाच्या लांबीवरून नव्हे, तर सुमारे ५०० मीटरच्या उभ्या उंचीवरून होतो.

गावचा गवंडी व्याख्या सांगणार नाही, पण ओळंब्याबाहेर गेलेली भिंत तो पुन्हा रचतो; कारण अशा भिंतीचा भार तिच्या पायावर सरळ उतरत नाही. शाळेतही प्रथम ओळंबा हाती द्यावा आणि व्याख्या मागून सांगावी. स्वतः पाहिलेली दिशा मूल विसरत नाही.