जमीन राखायची कोणाच्या भरवशावर?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



शेतकरी जमिनीचा कस राखत नाही, त्याला शास्त्र शिकवले पाहिजे, असा उपदेश वारंवार कानी पडतो. रोग अज्ञानाचा असेल तर हे औषध लागू पडेल. पण रोग खरोखर तोच आहे काय?

कॉफीचे उदाहरण पाहा. लागवडीनंतर तीन-चार वर्षांनी झाड फळ देऊ लागते. सावलीची झाडे राखणे, पालापाचोळा कुजवणे हा तर त्याहूनही लांबचा हिशेब. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने निर्यातीचे कोटे ठरवून भावाला आधार दिला होता. जुलै १९८९ मध्ये ते कोटे स्थगित होताच भाव कोसळले आणि लहान बागाइतदाराने मशागतीचा खर्च तोडला. त्याचे ज्ञान आटले नव्हते. उद्याचा भरवसा आटला होता.

पनवेल-उरणच्या खारजमिनीची कथा निराळी नाही. मातीचा बांध भरतीचे पाणी अडवतो, उघाडीतून ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते. बांध एके ठिकाणी फुटला की सगळ्यांच्या भातशेतीत खारे पाणी शिरते. म्हणून ही राखण एकट्यादुकट्याची नव्हे, गावाची असते.

पण गाव राबावे कोणासाठी? खोताच्या मर्जीवर जमीन कसणाऱ्या कुळाला वाढीव पिकाची शाश्वती नव्हती. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन पडीक ठेवली, ती आळसाने नव्हे, हक्कासाठी. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळाला मालकीची वाट मोकळी झाली.

मात्र मालकी पुरेशी ठरली काय? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि संपादनाची टांगती तलवार आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. परंतु भूखंड म्हणजे शेत नव्हे. जे शेत उद्या आपले राहील की नाही याची खात्री नाही, त्याच्या बांधावर आज माती कोण टाकील? आणि जेथे संपादन नाही, तेथेही भातापेक्षा जमिनीचाच भाव मोठा झाला की सातबारावर नाव असलेला मालकसुद्धा कसण्यापेक्षा गिऱ्हाइकाची वाट पाहतो.

तेव्हा मागणी नेमकी हवी. कसणाऱ्याचा हक्क अबाधित राहावा. पिकाला खर्च भरून काढणारा भाव मिळावा. बांध-उघाडीची दुरुस्ती हे सार्वजनिक काम मानून त्याची मजुरी मिळावी. महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने अशा कामांचे तत्त्व पूर्वीच मान्य केले आहे. निसर्ग राखण्याचा लाभ साऱ्या समाजाला आणि त्याचा भार मात्र एका शेतकऱ्याच्या खांद्यावर, हा व्यवहार न्यायाचा नाही. समाजाने आपला वाटा उचलावा. शेतकरी आपला वाटा उचलण्यास मागे राहणार नाही.